घरातील स्वच्छताद्रव्ये : त्यांची नावे आणि त्यांचे उपद्रव

१. विषयप्रवेश

घर, मोरी, संडास आणि कपडे स्वच्छ राखण्यासाठी आज आपण जी रासायनिक द्रव्ये वापरतो, त्यांच्यापासून होणाऱ्या विषबाधेचा विचार हा वस्तुतः वैद्यकाचा प्रांत होय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पाऊल का टाकावे, हे प्रथम सांगितले पाहिजे. विषबाधेच्या प्रसंगी रोग्याचे पुढील आयुष्य पुष्कळ वेळा पहिल्या अर्ध्या तासात ठरते. त्या अर्ध्या तासात रोग्याजवळ वैद्य नसतो, तर घरची माणसे असतात. ती माणसे जे करतात ते त्या द्रव्याच्या नावावरून, बाटलीवरील चिठ्ठीवरून आणि लहानपणापासून कानांवर पडलेल्या घरगुती उपायांच्या शब्दांवरून करतात. म्हणजेच येथे शब्द हे केवळ वर्णनाचे साधन राहत नाहीत, ते कृतीस प्रवृत्त करतात. यास्तव या द्रव्यांचे वैद्यकीय परिणाम आणि त्यांची मराठीतील नावे या दोन गोष्टींचा एकत्र विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

'उपद्रव' हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. नित्याच्या मराठीत त्याचा अर्थ 'त्रास' असा होतो. परंतु आयुर्वेदात मूळ व्याधीच्या मागून, तिच्याच आधाराने उद्भवणाऱ्या दुसऱ्या व्याधीस उपद्रव म्हणतात. आजचे डॉक्टर ज्यास 'गुंतागुंत' म्हणतात त्याचा हा जुना आणि अधिक नेमका पर्याय आहे. स्वच्छताद्रव्यांच्या विषबाधेत रोगी पहिल्या दिवशी वाचला एवढ्याने प्रकरण मिटत नाही, आणि खरा क्लेश अनेकदा नंतरच्या उपद्रवांचा असतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

२. वस्तू बदलली, भांडे तेच राहिले

दोन पिढ्यांपूर्वीच्या घरात स्वच्छतेची साधने म्हणजे राख, रिठा, शिकेकाई, चिंच, लिंबू आणि फार तर धुण्याचा सोडा. त्यांतील बहुतेक वस्तू तोंडात गेल्या तरी तोंड वाकडे होण्यापलीकडे काही होत नसे. त्यामुळे स्वच्छतेच्या वस्तूविषयी भय बाळगण्याचा संस्कार आपल्या घरात मुळी रुजलाच नाही. आज त्याच मोरीच्या कोनाड्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम हायपोक्लोराइट, कॉस्टिक सोडा आणि फिनेल शेजारी शेजारी उभी असतात.

वाशीसारख्या नियोजित नगरात ही गोष्ट विशेषेकरून दिसते. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसलेल्या या वसाहतीत आगरी-कोळी गावांतील मूळचे रहिवासी, बाजार समितीत काम करणारे पश्चिम महाराष्ट्रातील माथाडी आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे एकत्र राहतात. सदनिकेची मालकीण एक भाषा बोलते, संडास धुण्यास येणारी बाई दुसरी भाषा बोलते आणि बाटलीवरील चिठ्ठी तिसऱ्याच भाषेत असते. त्यात भर म्हणजे दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून सुटे फिनेल वा अ‍ॅसिड घेतले, तर ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून मिळते. बाटलीचा आकार हीसुद्धा एक भाषाच आहे. पारदर्शक, अरुंद गळ्याची, निळ्या झाकणाची बाटली 'मला पी' असे सांगत असते, आणि तिच्यावर कोणतीही चिठ्ठी नसल्याने या सांगण्यास विरोध करणारे काहीच उरत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी या गावी पल्स पोलिओ मोहिमेत बारा बालकांना लशीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना उलट्या होऊ लागल्यावर त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात आले, आणि सुदैवाने ती सर्व सुखरूप घरी परतली. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३ फेब्रुवारी रोजी, मुंबई महानगरपालिकेचा शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प मांडताना एका सहआयुक्तांनी समोरची बाटली पाण्याची समजून तोंडास लावली. तीत सॅनिटायझर होते, आणि चव लागताच त्यांनी ते थुंकून टाकले. पहिल्या प्रसंगी प्रशिक्षित आरोग्यसेवक होते, दुसऱ्या प्रसंगी उच्चपदस्थ अधिकारी होते. तेव्हा अशा चुकांचे खापर अज्ञानावर किंवा निरक्षरतेवर फोडून चालणार नाही. दोषाचा मोठा वाटा भांड्याचा आणि त्यावरील खुणेचा आहे.

३. दाहक द्रव्यांचे उपद्रव

स्वच्छताद्रव्यांपैकी सर्वांत भयंकर वर्ग दाहक द्रव्यांचा. त्याचे दोन पोटवर्ग आहेत. संडास आणि फरशी धुण्याचे द्रव हे प्रायः आम्लधर्मी असतात, तर तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे पदार्थ प्रायः अल्कधर्मी, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचे असतात. दोन्ही जाळतात, परंतु जाळण्याची रीत वेगळी आहे.

तीव्र आम्लाचा स्पर्श होताच ऊतींमधील प्रथिने गोठतात आणि एक कठीण पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा आम्लास खोल जाण्यापासून काही अंशी अडवतो. गिळलेले आम्ल अन्ननलिकेतून झरझर खाली उतरते आणि जठराच्या खालच्या भागात, निर्गमद्वाराजवळ साचते. म्हणून आम्लाची अधिक हानी पुष्कळदा तेथे दिसते. अल्क मात्र मेदाचा साबण करते, प्रथिने विरघळवते आणि ऊतींना मऊ, बुळबुळीत करून त्यांच्यात खोल शिरत जाते. तिचा मुख्य बळी अन्ननलिका होय. अर्थात द्रव्य तीव्र असले आणि मात्रा अधिक असली तर हा भेद फारसा उरत नाही, आणि दोन्ही ठिकाणी जखमा होतात.

या जखमांचा इतिहास कालानुक्रमे सांगणे सोयीचे होईल. पहिल्या काही तासांत ओठ, जीभ व घसा सुजतो, लाळ गिळता येत नाही, छातीत व पोटात वेदना होतात. स्वरयंत्राजवळ सूज आली तर आवाज घोगरा होतो, श्वासास घरघर लागते आणि श्वासमार्ग बंद होण्याचे भय उत्पन्न होते. मुलाचा आवाज बदलला असेल, तर ती प्रतीक्षा करण्याची वेळ नव्हे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तोंडात भाजल्याच्या खुणा नसल्या तरी अन्ननलिका किंवा जठर भाजलेले असू शकते. तोंड पाहून 'काही झाले नाही' असा निर्वाळा देणे धोक्याचे आहे.

पहिल्या काही दिवसांत जळालेली भिंत फाटून छिद्र पडू शकते. अन्ननलिकेस छिद्र पडल्यास छातीच्या मध्यपोकळीत आणि जठरास पडल्यास उदरपोकळीत जंतुसंसर्ग पसरतो. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून मृत ऊती गळू लागतात आणि नव्या ऊती अद्याप बळकट झालेल्या नसतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात ही भिंत सर्वाधिक दुबळी असते. रोग्यास बरे वाटू लागलेले असते, आणि नेमक्या त्याच काळात दक्षता हवी असते.

तिसऱ्या आठवड्यापासून व्रण भरू लागतो, आणि भरता भरता आकसतो. ज्या क्रियेस आपण 'जखम बरी होणे' म्हणतो, तीच क्रिया येथे नव्या व्याधीचे कारण होते. अन्ननलिका नळीसारखी असल्याने तिच्या भिंतीतील व्रणाचा आकसणारा वण तिचा मार्ग अरुंद करतो. प्रथम भाकरी अडते, मग भात, आणि शेवटी पेजही उतरेनाशी होते. जठराच्या निर्गमद्वाराशी असा वण पडला तर खाल्लेले अन्न पुढे सरकत नाही आणि जेवणानंतर उलट्या होत राहतात. हे संकोच पहिल्या एकदोन महिन्यांत अधिक आढळतात, तथापि पुढेही कित्येक महिने ते प्रकट होऊ शकतात. मुलांच्या बाबतीत याचा अर्थ कुपोषण, खुंटलेली वाढ आणि रुग्णालयाच्या असंख्य खेपा असा होतो. संकोच रुंदावण्यासाठी अन्ननलिकेत विशिष्ट साधने घालून ती पुन्हा पुन्हा ताणावी लागते. त्यानेही भागले नाही तर मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा भाग घेऊन नवी अन्ननलिका रचावी लागते. सर्वांत दूरचा उपद्रव कर्करोगाचा. दाहक द्रव्याने भाजलेल्या अन्ननलिकेत अनेक दशकांनंतरही कर्करोग उद्भवण्याचा संभव सामान्यांपेक्षा अधिक असतो, म्हणून अशा व्यक्तीने आयुष्यभर वैद्यकीय देखरेखीखाली राहणे इष्ट होय.

रुग्णालयात अन्ननलिका व जठर आतून पाहण्याची दुर्बीण-तपासणी साधारणतः पहिल्या चोवीस तासांत करतात, आणि भाजण्याच्या प्रतीवरून उपचाराची दिशा ठरते. या प्रतींची जी वर्गवारी आज जगभर वापरली जाते ती चंदीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची, परंतु त्याचबरोबर विचारात पाडणारी गोष्ट आहे. एखाद्या आजाराची वर्गवारी देशी रुग्णालयात घडते, याचा अर्थ असे रोगी त्या रुग्णालयात वारंवार येत असले पाहिजेत.

४. इतर द्रव्यांचे उपद्रव

फिनेल या नावाखाली विकले जाणारे पदार्थ एकजिनसी नाहीत. काळे फिनेल डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलसदृश द्रव्यांचे असते, तर पांढऱ्या फिनेलात बहुधा पाइनचे तेल असते. फिनॉल त्वचेतूनही शरीरात शिरते. ते त्वचेची संवेदना बधिर करीत असल्याने भाजल्याची वेदना आरंभी कमी जाणवते, आणि त्यामुळे फसगत होते. अधिक प्रमाणात शोषले गेल्यास ग्लानी, झटके, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि मूत्रपिंडाची हानी संभवते. लघवी गडद हिरवट-काळसर होणे ही त्याची जुनी परिचित खूण आहे. पाइनतेल आणि रॉकेल यांचा मुख्य धोका पोटाला नसून फुप्फुसांना आहे. असे पातळ, तेलकट द्रव गिळताना किंवा ओकताना श्वासनलिकेत उतरले की फुप्फुसदाह होतो. मूल थोडे खोकले आणि शांत झाले, तरी पुढील काही तासांत त्याचा श्वास जलद होतो का हे पाहावे लागते.

कपडे पांढरे करण्याचे घरगुती हायपोक्लोराइटचे द्रव सौम्य असतात आणि चुकून घोटभर गेल्यास बहुधा घसा व पोट यांच्या त्रासावर निभावते. परंतु तेच द्रव संडास धुण्याच्या आम्लाशी मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियायुक्त द्रव्याशी मिसळले तर क्लोरामीन वायू सुटतात. लहानशा, खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात डोळ्यांची आग, खोकला आणि गुदमरणे असा त्रास तात्काळ होतो. तीव्र बाधेत फुप्फुसांत पाणी साचण्याचा उपद्रव काही तासांच्या विलंबाने दिसू शकतो. 'दोन औषधे एकत्र केली तर संडास दुप्पट स्वच्छ होईल' ही समजूत म्हणूनच घातक आहे.

डांबरगोळ्या हे स्वच्छताद्रव्य नसले तरी त्याच कपाटात असतात. नॅफ्थॅलीनची गोळी मुलाने चघळली, आणि त्या मुलाच्या रक्तपेशींत एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असली, तर तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ व पंडुरोग होतो. आपल्याकडे पारशी समाजात ही उणीव लक्षणीय प्रमाणात आढळते, परंतु ती केवळ त्या समाजापुरती मर्यादित नाही. सॅनिटायझरमधील मद्यार्काने लहान मुलांच्या रक्तातील साखर घसरू शकते, आणि त्यात मिथेनॉलची भेसळ असल्यास दृष्टी व प्राण दोन्ही जाऊ शकतात. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद असता यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायलेले सात जण मृत्युमुखी पडले, हे येथे नमूद केले पाहिजे.

५. नावांची फसवणूक

आता नावांकडे वळू. 'अम्ल' या संस्कृत शब्दाचा आणि 'अ‍ॅसिड' ज्यावरून आला त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ एकच, तो म्हणजे आंबट. दोन्ही भाषांनी चिंचेच्या चवीवरून एका रासायनिक वर्गाला नाव दिले. फारसीतून आलेला 'तेजाब' हा शब्द मात्र 'तीक्ष्ण पाणी' असे सांगतो, आणि त्यात भयाची सूचना आहे. मराठीत 'तेजाब' मागे पडला आणि 'अ‍ॅसिड' रूढ झाला. त्यातच 'अ‍ॅसिडिटी' हा शब्द प्रत्येक घरात शिरला. 'रात्री जागरण झाले, अ‍ॅसिडिटी झाली', 'पोटात अ‍ॅसिड झाले' अशी वाक्ये आपण सहज बोलतो, आणि त्यावर थंड दूध किंवा खाण्याचा सोडा घेतो. परिणामी कोणी फरशीचे अ‍ॅसिड प्यायले असे कळताच घरच्यांना तोच उपाय सुचतो. शब्द एक म्हणून औषध एक, असा हा साम्यमूलक तर्क आहे. भाषेत अशा साम्याने नवी रूपे घडतात, परंतु जठरात घडतो तो अनर्थ. आम्लावर सोडा पडला की वायू सुटतो आणि आधीच भाजलेले जठर त्या वायूने ताणले जाते.

'सोडा' या शब्दाची कथा याहून बिकट आहे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि बाटलीतला पिण्याचा सोडा अशा चार भिन्न वस्तूंना मराठीत एकच विशेष्य आहे. भेद केवळ विशेषणात आहे, आणि बोलण्याच्या ओघात आपण विशेषण गाळतो. 'सोडा आण' असे सांगितले असता ऐकणाऱ्याने संदर्भावरून अर्थ ओळखावा अशी अपेक्षा असते. पहिला भज्यांत पडतो, तिसरा अन्ननलिका विरघळवतो. जेथे विशेषणावर प्राण अवलंबून आहे तेथे ते गाळण्याची मुभा भाषेने घेऊ नये.

'क्षार' या शब्दाने तर दोन भाषांत दोन अर्थ धारण केले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. तेथे क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून सिद्ध केलेले, शरीराचा विकृत भाग जाळून काढणारे दाहक द्रव्य. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत क्षार हा शब्द याच अर्थाच्या जवळ राहिला आणि मिठाच्या वर्गाला 'लवण' हे नाव मिळाले. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र 'क्षार' मिठाच्या वर्गासाठी योजला आणि त्याच्या विरुद्ध अंगाला 'आम्लारी' व 'अल्क' हे शब्द घेतले. त्यामुळे हिंदी चिठ्ठीवरचा 'क्षार' मराठी शाळेत शिकलेल्या वाचकास भयसूचक वाटतच नाही. 'पाण्यात क्षार जास्त आहेत' हे त्याचे रोजचे वाक्य असते.

त्याच अध्यायात क्षाराने अधिक भाजल्यास अम्ल पदार्थांनी त्याचे शमन करावे असेही सांगितले आहे. अल्काचा प्रतिकार आम्लाने होतो हे प्राचीनांनी जाणले होते, ही त्यांच्या निरीक्षणाची थोरवी. परंतु ते विधान वैद्याच्या डोळ्यांसमोर, बाहेरून लावलेल्या क्षाराविषयी आहे. गिळलेल्या कॉस्टिक सोड्यावर लिंबाचे पाणी पाजण्यास त्याचा आधार घेणे हा ग्रंथाचाही विपर्यास होईल. अन्ननलिकेत किती द्रव्य आहे, कोठे आहे, हे घरच्या माणसास दिसत नाही, आणि होणारी उष्णता रोग्याला अधिक भाजते.

६. चिठ्ठीची भाषा

२०११ सालच्या वेष्टित वस्तूंविषयीच्या वैध मापनशास्त्र नियमांप्रमाणे वेष्टनावरील आवश्यक मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. अन्य भाषा जोडण्यास मज्जाव नाही, परंतु सक्तीही नाही. याउलट कीटकनाशकांच्या १९७१ सालच्या नियमांनी चिठ्ठी व माहितीपत्रक हिंदी आणि इंग्रजीबरोबर त्या त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांतही छापणे आवश्यक ठरविले, आणि विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा रंगही नेमून दिला. म्हणजे शेतातल्या विषाला मराठी बोलावे लागते, न्हाणीघरातल्या विषाला लागत नाही. वाशीतील दुकानांच्या फळ्यांवर नजर टाकली असता याचा प्रत्यय येतो. पुष्कळ बाटल्यांवर हिंदी व इंग्रजी मजकूर असतो, मराठी क्वचित.

लिपी समान असल्याने हिंदी मजकूर मराठी वाचकास वाचता येतो, आणि वाचता आल्याने समजल्याचा भास होतो. परंतु 'चिकित्सक से परामर्श लें' या वाक्यातील 'चिकित्सक' हा मराठीत डॉक्टर नसून बारीकसारीक चौकशी करणारा मनुष्य होतो. मराठीत केलेली भाषांतरेही नेहमीच निर्दोष नसतात. 'उलटी करू नये' हे वाक्य घ्या. याचा कर्ता कोण? रोग्याने उलटी आवरावी, असा याचा सरळ अर्थ होतो. सांगायचे असते ते निराळेच, की इतरांनी रोग्यास उलटी करायला लावू नये. प्रयोजक रूप गाळल्यामुळे सूचना चुकीच्या माणसास दिली जाते. 'घशात बोट घालून ओकारी काढू नये' असे म्हटले की संदेह उरत नाही. ही सूचना महत्त्वाची अशासाठी की दाहक द्रव्य ओकताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि ते श्वासनलिकेतही जाऊ शकते. 'संहत' आणि 'विरल' हे शब्द प्रयोगशाळेत योग्य आहेत, परंतु घरकाम करणाऱ्या बाईस 'कडक' आणि 'पाणी घातलेले' हेच शब्द कळतात.

चित्राची भाषा शब्दाहून सुलभ असते, असे सामान्यतः मानतात. तेही पूर्णतः खरे नाही. महाराष्ट्रातील मुलाने कवटी आणि हाडे प्रथम पाहिलेली असतात ती विजेच्या खांबावरील 'धोका' या पाटीवर, त्यामुळे ती खूण त्याच्या मनात विजेशी जोडलेली असते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १९७१ साली नेमकी अशीच अडचण ओळखली गेली. तेथील बेसबॉल संघाच्या नावामुळे मुलांना कवटीचे चिन्ह आकर्षक वाटे, म्हणून जीभ बाहेर काढून तोंड वेंगाडलेला हिरवा चेहरा नव्याने योजण्यात आला. खूण निवडताना ती कोणाच्या मनात कोणता अर्थ जागा करते हे पाहावे लागते, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

कायद्याने काय साधते याचेही एक उदाहरण देता येईल. फिलाडेल्फियाचे घशाचे शल्यविशारद शेव्हॅलिए जॅक्सन हे लाय, म्हणजे घरगुती कॉस्टिक, गिळलेल्या मुलांच्या आकसलेल्या अन्ननलिका वर्षानुवर्षे ताणीत होते. केवळ शस्त्रक्रियेने हा प्रश्न सुटणार नाही असे पाहून त्यांनी चिठ्ठीच्या सक्तीसाठी चिकाटीने प्रयत्न केले, आणि १९२७ साली अमेरिकेत दाहक विषांचा संघीय कायदा संमत झाला. अशा द्रव्यांच्या वेष्टनावर 'विष' हा शब्द ठळकपणे छापणे आणि प्रथमोपचार देणे त्याने बंधनकारक केले. आपल्याकडे लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख पटवणे, नोंदवही ठेवणे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री न करणे या अटी त्यात आहेत. त्या आदेशाचा रोख अ‍ॅसिड-हल्ल्यांवर होता. घरातल्या घरात चुकून होणाऱ्या विषबाधेसाठी मात्र बाटली आणि चिठ्ठी यांचाच विचार करावा लागेल.

७. चिठ्ठीसाठी काही मराठी वाक्ये

येथवरच्या विवेचनाचे फलित म्हणून, कोणत्याही दाहक स्वच्छताद्रव्याच्या बाटलीवर छापता येतील अशी काही वाक्ये सुचवावीशी वाटतात. ती लहान आहेत, प्रत्येकात एकच क्रिया आहे, आणि ती कोणी करावयाची किंवा टाळावयाची हे स्पष्ट आहे.

हे विष आहे. पोटात गेल्यास आतून भाजते.
दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका.
दुसऱ्या कोणत्याही द्रव्यात मिसळू नका.
कोणी प्यायल्यास घशात बोट घालून ओकारी काढू नका.
दूध, लिंबू, मीठ, सोडा यांपैकी काही पाजू नका. तोंड पाण्याने खळखळून थुंकू द्या.
डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवा.
ही बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा.

शेवटच्या वाक्याचे महत्त्व विशेष आहे. डॉक्टरांना द्रव्य कोणते हे कळले की निम्मे काम होते, आणि ते घरच्यांच्या तोंडच्या 'सोडा' किंवा 'औषध' या शब्दावरून कळत नाही. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. अशी द्रव्ये गिळणाऱ्या प्रौढांपैकी काही जणांनी ती निराशेच्या भरात घेतलेली असतात, हेही विसरता येत नाही. अशा रोग्याच्या अन्ननलिकेइतकीच त्याच्या मनाचीही शुश्रूषा व्हावी लागते, आणि घरच्यांनी त्यास दोष न देता बोलते करावे, हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

तात्पर्य, या विषबाधेतील पुष्कळ उपद्रव जडल्यानंतर पूर्णपणे निवारता येत नाहीत, परंतु त्यांतील बहुतेक मुळातच टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. झाकण घट्ट असावे, बाटली मूळचीच असावी, फळी उंच असावी, आणि तिच्यावरचा मजकूर ती हाताळणाऱ्या माणसाच्या भाषेत असावा. परिभाषा घडवणे हे विद्यापीठांच्या भाषाविभागांचे नित्याचे काम आहे. त्या कामात न्हाणीघरातील या चार बाटल्यांनाही स्थान मिळावे, एवढीच प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.